पोहणं नंतर, दोर आधी: खान्देशातल्या गावात पाण्यापासून जीव वाचवायला कसं शिकवायचं

खान्देशात बुडण्याची बातमी वाचली की तिच्यात बऱ्याचदा एकापेक्षा जास्त नावं असतात. एकाचा पाय घसरला, दुसरा त्याला धरायला उतरला, तिसरा दोघांच्या मागे गेला. सख्खे भाऊ, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाच्या गावी आलेली भाचरं, शेततळ्यातल्या लेकराकडे धावलेली आई. पहिला अपघात टाळणं प्रत्येक वेळी आपल्या हातात नसतं. दुसरा आणि तिसरा मृत्यू मात्र शिकवून नक्की थांबवता येतो. पाण्यात न उतरता कसं वाचवायचं हे गावातल्या प्रत्येक पोराला, पोरीला आणि मोठ्या माणसाला आलंच पाहिजे. पोहण्याचे वर्ग त्यानंतर.

आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून जीवरक्षक, लाल झेंडे, गस्त यांतलं काही नाही. पण पाणी आहे, आणि ते फसवं आहे. तापी सोडली तर पांझरा, बोरी, गिरणा, अनेर, सुकी, गोमाई या नद्या वर्षातले कितीतरी महिने कोरड्या किंवा घोटाभर असतात. मुलांना पाण्याची सवय लागतच नाही. मग मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, विहीर किंवा तळं दिसतं आणि पोरं उड्या मारतात. जूननंतर त्याच कोरड्या नदीला एका रात्रीत पाणी येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत देशभरात बुडून मेलेल्यांचा आकडा अलीकडे दरवर्षी तीस हजारांच्या पुढे आहे. त्यात समुद्रापेक्षा विहिरी, तळी, नद्या आणि कालवेच जास्त असतात हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पुढे दिलेलं काम शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गट, गणेश मंडळ, ग्रामपंचायत यांपैकी कुणीही सुरू करू शकतं. पाच-सहा माणसं पुरतात. त्यातला एक तरी नदीकाठचा भोई किंवा कोळी बांधव असावा. पाण्याची जेवढी जाण त्यांना असते तेवढी बाहेरून आणलेल्या प्रशिक्षकाला नसते, आणि गावात कुणी बुडालं की शेवटी हाक त्यांनाच जाते.

नदी कोरडी असताना तिचा नकाशा काढा

हे काम वैशाखात, मृग लागायच्या आधी करा. कारण सोपं आहे: वाळूच्या उपशाने पडलेले खड्डे तेव्हाच डोळ्यांनी दिसतात. गिरणेच्या आणि तापीच्या पात्रात कुठे पुरुषभर, कुठे दोन पुरुष खोल खड्डे असतात. पहिला पूर आला की ते गढूळ पाण्याखाली जातात आणि वरून सगळं पात्र सारखं दिसतं. गुडघाभर पाण्यातून चालणारं पोर पुढच्या पावलाला थेट डोक्यावरून पाण्यात जातं. खड्ड्याची कड वाळूचीच असते, पाय ठेवला की ती ढासळते, म्हणून परत वर चढताही येत नाही. मागच्या वर्षी इथे गुडघाभरच पाणी होतं, हा अंदाज अशा नदीत धरायचाच नाही.

सातवी-आठवीची मुलं, गुरं-मेंढ्या चारणारे, धुणं धुवायला जाणाऱ्या बाया आणि भोई बांधव यांना बरोबर घेऊन एक सकाळ पात्रातून चाला. प्रत्येक खड्ड्यात एक उंच माणूस उभा करा आणि काठावरून मोबाइलवर फोटो घ्या. फोटोत काठावरची न हलणारी खूण आली पाहिजे: लिंबाचं झाड, मंदिराचा कळस, विजेचा खांब. पावसाळ्यात खड्डा दिसणार नाही, खूण दिसेल. हेच फोटो छापून शाळेच्या भिंतीवर लावा. ‘खोल पाणी, धोका’ या सरकारी पाटीपेक्षा ‘या लिंबासमोर माणूस बुडतो’ आणि खाली खड्ड्यात उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाचा फोटो, हे पोरांना चटकन कळतं.

त्याच फेरीत बाकीची पाणवठ्याची ठिकाणं लिहून घ्या: कठडा नसलेल्या विहिरी, शेततळी, पाट आणि पाटचाऱ्या, फरशी पूल, कोल्हापुरी बंधारे. बंधाऱ्याखालचा भाग लाल पेन्सिलने रंगवा. पाणी बंधाऱ्यावरून पडतं तेव्हा पायथ्याशी ते उलटं फिरतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढून खाली दाबतं. पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही, आणि वरून पाहणाऱ्याला ती जागा निव्वळ फेसाळ, पोहायला मजेची वाटते. कालव्यात जिथे पाणी रस्त्याखालून किंवा नाल्याखालून नळात शिरतं, ती तोंडंही लाल. तिथे ओढला गेलेला माणूस नळातून जिवंत बाहेर पडणं अवघड.

पाच वर्षांच्या आतलं मूल

एवढ्या लहान मुलाला शिकवून उपयोग नाही, त्याच्यात आणि पाण्यात काहीतरी आडवं असलं पाहिजे. घरातला हौद, मोरीतला ड्रम, गुरांची टाकी यांवर झाकण. रांगतं मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडू शकतं. दुसरी गोष्ट नजरेची. कापूस वेचणीला आई शेतात वाकलेली असते आणि लेकरू बांधावर खेळत असतं, तेव्हा टोळीतल्या एकीने त्या दिवशी फक्त मुलं सांभाळायची आणि तिची मजुरी बाकीच्यांनी वाटून द्यायची, असं ठरवता येतं. शेतमालकाने ती मजुरी स्वतः दिली तर उत्तम. बांगलादेशात खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी दिवसा काही तास सांभाळणारी केंद्रं चालवून बुडण्याचं प्रमाण कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे अंगणवाडी आधीपासून आहे, तिची वेळ शेतीच्या हंगामाशी जुळवण्याचा आग्रह ग्रामसभेत धरायला हवा.

शेततळं: सगळ्यात आधी दुरुस्त करायची जागा

२०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून गावोगाव तळी झाली. केळी, डाळिंब, कापूस त्यांवर जगला, यात शंका नाही. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं हा बुडण्याचा सापळा आहे. तीस बाय तीस मीटर लांबीरुंदी, तीन मीटर खोली, चारी बाजूंनी उतार, आणि त्या उतारावर शेवाळाचा बुळबुळीत थर. त्यात पडलेल्याला उभं राहायला तळ नाही आणि हाताला धरायला काही नाही. पोहता येणारा माणूसही कडेला येऊन, वर चढता न आल्याने दमून बुडतो. म्हणून ‘माझ्या पोराला पोहता येतं’ हे वाक्य शेततळ्याच्या बाबतीत विसरून जा.

उपाय स्वस्त आहे आणि एका दिवसात होतो. चारही बाजूंना बांधावर, काठापासून हातभर मागे, लोखंडी खुंटे पक्के ठोका. प्रत्येक खुंट्याला बोटाएवढा जाड नायलॉनचा दोर बांधा आणि तो उतारावरून पाण्यात सोडा. दोराला दर दीड फुटावर गाठ हवी, कारण ओल्या हाताला साधा दोर धरवत नाही. पाण्यातल्या टोकाला रिकामा, घट्ट बुचाचा पाच लिटरचा तेलाचा कॅन बांधा. तो तरंगतो, लांबून दिसतो आणि बुडणाऱ्याच्या हाताला पहिल्यांदा तोच लागतो. निदान एका बाजूला ट्रॅक्टरचे किंवा मोटरसायकलचे जुने टायर एकाला एक बांधून शिडीसारखे उतारावर टाका. टायरची कड कागदाला घासून फाडणार नाही याची काळजी घ्या, खाली जुन्या पोत्यांचा थर दिला की पुरतं.

मग कुंपण. तारेची जाळी परवडत नसेल तर बांबू आणि बोराटीच्या काट्या. मोटर चालू करायची पेटी कुंपणाच्या बाहेर ठेवा, म्हणजे पोराला ‘जा, मोटर लावून ये’ म्हटलं तरी ते काठावर जाणार नाही. पाइपात अडकलेला कचरा काढणं, फूटव्हॉल्व्ह साफ करणं ही कामं एकट्याने करायची नाहीत, मोठ्या माणसानेही.

विहिरींचंही असंच: कठडा, आणि पाण्यापर्यंत पोहोचणारा गाठी मारलेला कायमचा दोर. पाणी खाली गेलं की दोर लांबवायचा.

न उतरता वाचवण्याचा सराव

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शाळेच्या मैदानावर, कोरड्या जमिनीवर, पहिली ते दहावीच्या सगळ्यांना हे शिकवता येतं.

आधी बुडणारा माणूस कसा दिसतो ते सांगा. सिनेमात तो हात हलवतो, ‘वाचवा’ ओरडतो. खरा बुडणारा बहुधा गप्प असतो. तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होतं, डोकं मागे कललेलं, हात बाजूला पसरून पाणी दाबत असतात, अंग उभं असतं. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कुठून? हे सगळं एखाद्या मिनिटात संपतं, लहान मुलाचं त्याहूनही लवकर. ‘अरे, तो तर खेळत होता’ असं काठावरचे नंतर सांगतात ते यामुळेच. एका मुलाला उभं करून हे सगळ्यांना करून दाखवा.

नंतर तीन कामं, याच क्रमाने: हाक मार, काठी दे, दोर फेक. ज्या गावात अहिराणी बोलतात तिथे हे अहिराणीतच पाठ करून घ्या: ‘पानीमा उतरानं नही, दोर फेकाना.’ रावेर-यावलकडे लेवा गणबोलीत, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिलीत तिथल्याच मुलांकडून ओळ करून घ्या. घाबरलेल्या क्षणी तोंडातून घरची बोलीच येते.

हाक मारताना नाव आणि ठिकाण ओरडायचं. एकाने पळत जाऊन मोठं माणूस आणायचं, बाकीच्यांनी बुडणाऱ्यावरून नजर हलवायची नाही. तो खाली गेला तर कुठे गेला, हे दाखवणारं बोट काठावर असायला हवं.

काठी देताना उभं राहायचं नाही. पालथं झोपायचं, छाती जमिनीला, आणि मागच्याने दोन्ही पाय धरायचे. बांबू, फांदी, वल्हं, पाइप, काहीही चालतं. उभ्याने काठी दिली की बुडणारा जिवाच्या आकांताने ओढतो आणि देणारा आत जातो. मुलांना जोड्या करून हे करायला लावा. एक झोपून काठी देतो, दुसरा ती जोरात ओढतो. मग तेच उभ्याने. दोन्हींतला फरक अंगाला कळला की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता दोर. पाच लिटरच्या कॅनमध्ये साधारण अर्धा ते एक लिटर पाणी घालून बूच घट्ट लावा. रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, पूर्ण भरलेला बुडतो आणि डोक्यात लागला तर इजा करतो. थोडं पाणी असलेला नेमका जातो आणि तरंगतोही. कॅनच्या मुठीला पंधरा-वीस मीटर दोर बांधा. दोराचं मोकळं टोक पायाखाली दाबायचं किंवा मागच्याच्या हातात द्यायचं, मनगटाला कधीही गुंडाळायचं नाही. दोराची सैल वेटोळी डाव्या हातात, कॅन उजव्या हातात, आणि खालून वर झोका देऊन फेकायचा. नेम बुडणाऱ्याच्या अंगावर धरू नका, त्याच्या खांद्यावरून पलीकडे टाका, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो आणि ओढताना कॅन त्याच्याकडे येतो. वाहत्या पाण्यात थोडा वरच्या अंगाला फेका. त्याने धरला की लगेच खाली बसा आणि एका लयीत ओढा. झटका दिला की पकड सुटते.

मैदानावर चुन्याने दहा मीटरवर रेघ मारा, पलीकडे टायर ठेवा आणि फेकायला लावा. पहिल्या फेकीला क्वचितच कुणाचा नेम लागतो, म्हणूनच सराव. मुलींना वगळू नका. नदीवर धुणं, भांडी, गुरं यांसाठी त्याच जास्त जातात. दोर नसेल तर दोन साड्या किंवा ओढण्या गाठीने जोडून, टोकाला ओल्या कपड्याचा गोळा बांधून फेकता येतो, हेही त्यांच्या हातून करून घ्या. केळीच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट नेहमी हाताशी असते: तोडलेल्या केळीचा खांब. तो चांगला तरंगतो, दोघांनी उचलून पाण्यात लोटला की बुडणाऱ्याला तेवढा आधार होतो.

असे कॅन-दोर प्रत्येक घाटावर, बंधाऱ्यावर, मोठ्या शेततळ्यावर खांबाला टांगून ठेवा, पोराच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. चोरीला जातील, ही भीती प्रत्येक बैठकीत निघते. जातील तर पुन्हा लावा. कॅन फुकटचा, दोर काही रुपयांचा.

तरंगणं, मग पोहणं

सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना पाण्यात शिकवा, पण जागा निवडून. तालुक्याला जलतरण तलाव असेल तर तोच. नसेल तर थांबलेलं, तळ दिसणारं, मुलाच्या छातीपर्यंतचं पाणी. बांगलादेशात गावतळ्यातच बांबूचं मचाण बांधून, बुडाशी बांबूचाच तळ देऊन वर्ग घेतात. आपल्याकडच्या पाझर तलावावर भोई बांधवांच्या मदतीने हे करता येण्यासारखं आहे. शेततळ्यात, वाहत्या पाटात आणि धरणाच्या फुगवट्यात वर्ग घ्यायचा नाही. एका शिकवणाऱ्याकडे चार-पाचपेक्षा जास्त मुलं नकोत, आणि काठावर फक्त डोकी मोजणारा एक माणूस वेगळा हवा.

क्रम असा ठेवा: तोंड पाण्यात घालून फुगे सोडणं, काठ धरून पाय मारणं, मग उताणं तरंगणं. कान पाण्यात, हनुवटी आभाळाकडे, पोट वर, हात पसरलेले. हे आलं की मुलाला दमल्यावर काय करायचं ते आलं. हात मारणं त्याच्यानंतर. बहुतेक घरी उलटं करतात, भोपळा किंवा डबा पाठीला बांधून थेट विहिरीत सोडतात. भोपळ्याने शिकणारे पुष्कळ झाले, पण बांधलेला आधार सुटला तर काय, हे त्या पोराला माहीत नसतं. आधार वापरायचाच तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाण्यातच हवं. साधारण पंचवीस मीटर पोहता आलं आणि अर्धा-एक मिनिट जागेवर तरंगता आलं, की जीव वाचवण्यापुरतं शिक्षण झालं असं समजा.

अनोळखी पाण्यात सूर मारायचा नाही, हा नियम पोहणाऱ्या मोठ्या पोरांना वारंवार सांगा. उथळ पाण्यात डोकं आपटून मान मोडते.

पूर, आणि सणांचे दिवस

तापीला पाणी येतं ते सातपुड्यापलीकडून, बैतूल-बुऱ्हाणपूरकडून, आणि पूर्णेचं अकोला-बुलढाण्याकडून. तुमच्या गावात कडक ऊन असतं तेव्हाही हतनूरचे दरवाजे उघडू शकतात. ४१ दरवाजांचं धरण आहे ते. खाली यावल, चोपडा, अमळनेर, शिरपूरपर्यंत पाणी चढायला काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात काठ रिकामा करता येतो. गिरणा धरण आणि पांझरेवरचं अक्कलपाडा यांचंही तसंच. ग्रामपंचायतीने विसर्गाचा निरोप येताच भोंग्यावर सांगायची जबाबदारी नाव घेऊन एका माणसाला द्यावी, आणि तो गावाला गेला तर दुसऱ्याला. सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, सुकी, मोर यांना तेवढाही वेळ मिळत नाही. पाण्याचा रंग बदलला, काड्या-पाला वाहू लागला, वरून घरघर ऐकू आली, की वस्तू सोडून वर यायचं.

फरशीवरून पाणी जात असताना मोटरसायकल घालू नका. वेगाचं वीतभर पाणी माणसाचा पाय उचलतं, फूटभर पाणी लहान कार सरकवतं.

श्रावणात कानबाईचं विसर्जन, पोळ्याला बैल धुणं, गणपती: हे तिन्ही भरल्या पाण्यातले सण. विसर्जनाला मूर्ती घेऊन आत जाणारे ठरलेले चार पोहणारे असावेत, बाकीच्यांसाठी काठावर दोर ताणलेला असावा, आणि दारू प्यायलेल्याला पाण्याजवळ येऊ द्यायचं नाही. मंडळाचे अध्यक्ष हे बोलले तर पोरं ऐकतात. सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेजच्या साठलेल्या पाण्यावर आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या फुगवट्यात नावेने जाणाऱ्यांनी लाइफ जॅकेट अंगात घालून बसायचं. नावेत घडी करून ठेवलेलं जॅकेट कामाला येत नाही.

बाहेर काढल्यावर

श्वास थांबला की चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. १०८ ची रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचणार नाही, म्हणून हे काठावरच्या माणसालाच करावं लागतं.

उताणं, सपाट जमिनीवर झोपवा. हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर एकाला १०८ लावायला सांगा आणि सुरू करा. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. प्रत्येक श्वासाला छाती वर आली पाहिजे. बुडालेल्याला आधी हवाच हवी असते. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मोठ्या माणसाला पाच सेंटिमीटर खोल. लहान मुलाला एका हाताने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. परत दोन श्वास, परत ३० दाब. मदत येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत थांबायचं नाही. एक दमला की दुसऱ्याने घ्यायचं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून हे शिकून घ्या, आणि पुतळा नसेल तर गोधडीच्या घट्ट वळकटीवर सराव करा.

पोट दाबू नका, उलटं टांगू नका, खांद्यावर घेऊन गरगर फिरवू नका. त्याने पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन श्वासनळीत जातं आणि मोलाची मिनिटं जातात. मिठात पुरून ठेवल्यावर बुडालेला जिवंत होतो, असा संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो साफ खोटा आहे. लेकरू गमावलेल्या आईबापांनी तासन् तास मिठाच्या ढिगाजवळ बसावं, यापेक्षा क्रूर काही नाही. हे ग्रामसभेत, कीर्तनात, लग्नाच्या मांडवात, जिथे माणसं जमतात तिथे सांगा.

शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेलंच पाहिजे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याने काही तासांनी दम लागू शकतो.

वर्षाचं वेळापत्रक

मे महिन्यात पात्राची फेरी आणि दोर बदलणं. नायलॉन उन्हाने कडक होऊन तुटतो, वरून चांगला दिसला तरी दोघांनी ओढून पाहा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात दोर फेकण्याचा सराव. २५ जुलैला जागतिक बुडणे-प्रतिबंध दिन असतो, त्या दिवशी गावासमोर मुलांकडून प्रात्यक्षिक करून घ्या, कारण पोरीने बारा मीटरवर कॅन टाकलेला पाहिला की आप्पा-नानांनाही तो हातात घ्यावासा वाटतो. गणपतीआधी मंडळांची बैठक. पोहण्याचे वर्ग दिवाळीच्या सुट्टीत किंवा मार्च-एप्रिलमध्ये, पाणी निवळल्यावर. आणि आखाजीच्या आधी एक निरोप घरोघरी: पाहुणी आलेली भाचरं गावच्या पाण्याला नवी असतात, त्यांना पहिल्याच दिवशी शाळेच्या भिंतीवरचे फोटो दाखवून आणा.